गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांची वार (प्लासेंटा) अभ्यासायचीय? खान्देशातल्या पीजी आणि एमएस्सीवाल्यांसाठी

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे अ‍ॅनाटॉमी किंवा पॅथॉलॉजीत पीजीला आलात आणि थीसिसचा विषय सुचत नसला की कोणीतरी सीनिअर हमखास सांगतो, प्लासेंटा घेऊन टाक, सोपं आहे. पूर्ण दिवसांच्या वारेबद्दल ते खरंय, डिलिव्हरी झाली की साधारण अर्धा किलोची वार समोर येते, वजन करा, व्यास मोजा, कॉटिलेडन (वारेचे फुगीर भाग) मोजा, तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाका, झालं. पण पहिल्या बारा आठवड्यांच्या वारेला तेच गणित लावायला गेलात तर फसाल. इथं हातात येतात रक्तात भिजलेले चिमूटभर तुकडे, त्यात वार कुठली आणि गर्भाशयाचं अस्तर कुठलं हेच आधी ओळखावं लागतं, वर कायदा, संमती, गुप्तता हे सगळं. माझा थीसिस याच विषयावर होता आणि आता दरवर्षी कोणी ना कोणी तेच तेच प्रश्न घेऊन येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयात टिश्यूचं वय पक्कं नसेल तर स्लाइड कितीही सुंदर येवो, तिचा उपयोग नाही. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या वारेत जेवढा फरक असतो तेवढा पुढच्या कित्येक महिन्यांत दिसत नाही. म्हणून पहिली पायरी मायक्रोस्कोपची नाहीच.

१. आधी दिवस मोजायला शिका

एम्ब्रिऑलॉजीची पुस्तकं फर्टिलायझेशनपासून दिवस मोजतात आणि गायनॅकवाले शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोन्हीत साधारण १४ दिवसांचा फरक. पुस्तकात "आठवा आठवडा" वाचला आणि केसपेपरवरच्या "आठ आठवडे" शी जुळवला की तुमची सगळी तुलना दोन आठवड्यांनी सरकली. सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसच्या आराखड्याच्या, पहिल्या पानावरच लिहून टाका की आपण वय कशापासून मोजणार, आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. मी इथं पुढं जिथं "आठवडे" म्हणेन तिथं पाळीपासूनचेच धरा, फर्टिलायझेशनपासूनचे असतील तर तसं सांगेन.

आता पाळीची तारीख. ओपीडीत तारीख विचारली तर बऱ्याच बायांना आकडा आठवत नाही, पण सण पक्का आठवतो. "आखाजीना (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिन आधी" असं उत्तर येतं, कानबाईच्या रविवारचं येतं, पोळ्याचं येतं, अक्कलकुवा-धडगावकडच्या बाईकडून काठीच्या होळीचं येतं. म्हणून टेबलावर चालू आणि मागच्या वर्षाचं कॅलेंडर ठेवायचंच, ज्यात तिथी असते असं. समजा २०२५ ची आखाजी, म्हणजे ३० एप्रिल. दोन दिवस आधी म्हणजे २८ एप्रिल. टिश्यू २३ जूनला मिळाला तर ५६ दिवस झाले, बरोबर ८ आठवडे. फर्टिलायझेशनपासून मोजलं तर ६. हे तिथल्या तिथं प्रोफॉर्मात (प्रत्येक नमुन्याच्या नोंदीच्या फॉर्मात) लिहायचं, बाईचे शब्द जसेच्या तसे आणि शेजारी तुम्ही काढलेली तारीख. नंतर आठवून लिहीन म्हणालात की संपलं.

मग सोनोग्राफीशी ताळा. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, सगळे सीआरएल म्हणतात ती, वय ठरवायला सगळ्यात भरवशाची. वरच्या उदाहरणात ८ आठवड्यांना ती साधारण १६ मिलिमीटर यायला हवी. पाळीचं वय आणि सीआरएलचं वय यांत आठवड्याहून जास्त फरक पडला तर तो नमुना घ्यायचा की सोडायचा याचा नियम आधीच ठरवा, नमुना हातात आल्यावर नाही. तेव्हा सोडवत नाही हो.

२. काय मिळेल आणि काय कधीच मिळणार नाही

सिनॉप्सिसमध्ये बरेच जण लिहितात की "प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शियरी व्हिलायचा अभ्यास". छान वाटतं, पण व्हिलायचं, म्हणजे वारेच्या फांद्यांसारख्या बारीक अंकुरांचं, वेळापत्रक बघा जरा. फर्टिलायझेशननंतर ६-७ व्या दिवशी गर्भ अस्तरात रुतायला लागतो, ट्रोफोब्लास्टचे, म्हणजे पुढं वार बनवणाऱ्या बाहेरच्या पेशींचे, दोन थर होतात, आतला सायटोट्रोफोब्लास्ट आणि बाहेरचा सलग, पेशींच्या भिंती नसलेला सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट. ९ व्या दिवसाच्या आसपास त्या बाहेरच्या थरात पोकळ्या होतात, १३ व्या दिवसाकडे प्रायमरी व्हिलाय, १६ च्या आसपास आत मेसेन्काइम (सैल जोडऊती) शिरून सेकंडरी, आणि तिसरा आठवडा संपेपर्यंत रक्तवाहिन्या येऊन टर्शियरी. म्हणजे पाळीपासून पाच आठवडे व्हायच्या आतच हे सगळं आटोपलेलं असतं, तेव्हा बाईला दिवस गेल्याची शंका नुकती येत असते. तुमच्याकडे येणारा टिश्यू साधारण ६ ते १२ आठवड्यांचा. त्यात प्रायमरी व्हिलाय शोधत बसू नका.

त्या आधीच्या टप्प्यांची जी चित्रं पुस्तकात आहेत ती मुख्यतः जुन्या संग्रहांवरून आलेली. बोस्टनमध्ये आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी १९३८ पासून पुढं दीडेक दशक, इतर कारणांनी गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया होणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांतून ३४ अगदी सुरुवातीचे गर्भ मिळवले आणि ते कार्नेगी संस्थेच्या गर्भसंग्रहात गेले. आजच्या संमतीच्या नियमांत तसं काम कुठंच मंजूर होणार नाही. म्हणून तो भाग रिव्ह्यूमध्ये लिहा, उद्दिष्टांत नको.

३. प्रश्न छोटा करा

"पहिल्या तिमाहीतील प्लासेंटाची रचना व विकास" हा थीसिसचा विषय नाही, तो पुस्तकाचा विषय झाला. एक धागा पकडा. व्हिलायचा व्यास आठवड्यागणिक कसा बदलतो, किंवा सायटोट्रोफोब्लास्टचा थर कुठं सलग आणि कुठं तुटक दिसतो, किंवा स्ट्रोमातल्या (व्हिलायच्या आतल्या गाभ्यातल्या) हॉफबाउअर पेशी, म्हणजे तिथले मॅक्रोफेज, किंवा केशवाहिन्यांची संख्या. एकच घ्या नाहीतर फार तर दोन.

आपल्या भागाचा म्हणून एक विषय मला नेहमी चांगला वाटतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागात सिकलसेल बऱ्यापैकी आहे आणि रक्त कमी असणं तर सगळीकडेच. याचा सुरुवातीच्या वारेवर काय परिणाम होतो हा खरा प्रश्न आहे. पण तुमचा विषय हा नसला तरी सिकलिंगचा रिपोर्ट आणि हिमोग्लोबिन प्रोफॉर्मात असलंच पाहिजे, कारण नाहीतर "नॉर्मल" म्हणून घेतलेल्या गटात हे सगळं मिसळून जातं आणि व्हायवाला पहिला प्रश्न तोच येतो.

४. कागदपत्रं

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून पहिल्या टर्मलाच सुरू करा. लागतं ते असं:

– सिनॉप्सिस, गाइड आणि एचओडीच्या सहीसह, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात वेळेत रजिस्टर केलेला
– संस्थेच्या एथिक्स कमिटीचा फॉर्म, आणि कमिटीचं स्वतःचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना हे बघून घ्या, पुढं पेपर पाठवताना तो नंबर मागतात
– गायनॅक विभागप्रमुखांची लेखी परवानगी, तोंडी "हो हो ये ना" चालत नाही
– स्लाइड पॅथॉलॉजीत करणार असाल तर त्यांचीही
– माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत आणि हिंदीत
– प्रोफॉर्मा, ज्यात नाव नाही, फक्त कोड
– उरलेल्या टिश्यूची विल्हेवाट कशी लावणार याचं अर्धं पान

एथिक्स कमिटी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून बघते, ती एकदा वाचूनच जा, टिश्यू साठवणं आणि उरलेला पुढच्या अभ्यासाला वापरणं यावर त्यात वेगळा भाग आहे.

आता कायदे, थोडक्यात पण लक्ष देऊन वाचा.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारला. त्या सुधारणेत कलम ५अ आलं, बाईचं नाव आणि ओळख कायद्यानं अधिकार असलेल्या माणसाशिवाय कोणालाही सांगायची नाही, सांगितली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे बाटलीवर नाव नको, स्लाइडवर नको, मोबाइलमधल्या फोटोत केसपेपरचा कोपराही नको. कोड आणि नाव जोडणारी वही गायनॅकच्या कुलुपात राहते, तुमच्या बॅगेत नाही.

दुसरा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा, १९९४ चा. प्रोफॉर्मात गर्भाच्या लिंगाचा कॉलम ठेवूच नका. गुणसूत्रांची तपासणी करायचा विचार असेल तर तो सोडून द्या किंवा एथिक्स कमिटीकडून आधी स्पष्ट लेखी घ्या. कुतूहल म्हणूनसुद्धा नको.

तिसरं, १८ वर्षांखालच्या मुली अभ्यासातून बाहेर. तिथं पोक्सोखाली कळवण्याची जबाबदारी असते, पालकांची संमती असते, संशोधनाचा विषय त्या प्रसंगात काढायचाच नसतो.

चौथं, बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम. उरलेला टिश्यू पिवळ्या पिशवीत. वापरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते केमिकल वेस्टमध्ये जातं. आमच्याकडं हे सांगायला लागतंच लागतं.

५. संमती: कोण विचारणार, कधी, कोणासमोर

क्रम हाच: बाईचा निर्णय आधी, प्रोसिजरची संमती त्यानंतर, आणि ते सगळं आटोपल्यावर वेगळ्या कागदावर तुमची विनंती. उपचार करणाऱ्या मॅडमनी विचारायचं नाही, कारण त्यांना "नाही" म्हणायला बाई कचरते. तुम्ही विचारा, आणि "नाही म्हणालीस तरी उपचारात काही फरक पडणार नाही" हे वाक्य कागद बघून वाचायचं नाही, तिच्याकडे बघून म्हणायचं.

सासू किंवा नवरा बाजूला असताना विचारू नका. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं.

भाषा. छापील माहितीपत्रकातलं "अपरेच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शीय परीक्षण" कोणालाच कळत नाही. वार म्हणा, वारेचा बारीक तुकडा म्हणा, काचेवर ठेवून बघणार म्हणा. अहिराणी येत असेल तर बोला, बाई लगेच मोकळी होते. भिली किंवा पावरी बोलणारी असेल तर दुभाषी लागेल, तिथं गावची आशाताई सोयीची वाटते पण मी हॉस्पिटलमधल्या सिस्टरलाच घ्यायला सांगेन, आशाताई चांगलीच असते पण ती त्याच गावात राहते. सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा.

एखादी नाही म्हणाली तर "ठीक आहे ताई" आणि विषय बंद. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

६. टिश्यू हातात घेताना

कुठल्या पद्धतीनं गर्भ काढला हे तुमच्या निकषांत पाहिजे. हातानं चालवायच्या व्हॅक्यूम सिरिंजनं म्हणजे एमव्हीएनं आलेला टिश्यू सगळ्यात चांगला, ताजा असतो आणि वेळ माहीत असते. गोळ्या घेऊन पडलेला टिश्यू घेऊ नका, त्यांतलं मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉन अडवतं त्यामुळं अस्तर आधीच सुटायला लागलेलं असतं, आणि वेगळी झालेली वार किती तास आत राहिली हे कोणालाच सांगता येत नाही. मिस्ड अबॉर्शनचा (गर्भ आतच मरून राहिलेला) टिश्यू "नॉर्मल" मध्ये तर अजिबात नको. गर्भाचं रक्ताभिसरण थांबलं की व्हिलाय फुगतात, स्ट्रोमा फायब्रोस होतो, वाहिन्या मिटतात, आणि हा बदल तुम्ही विकास म्हणून लिहून बसाल.

आता प्रत्यक्ष काम. एमव्हीएचा सगळा माल बारीक जाळीच्या गाळणीवर घ्या, थंड नॉर्मल सलाइननं हळू धुवा, नळाच्या पाण्यानं नाही, साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. मग पारदर्शक काचेच्या ट्रेमध्ये सलाइन घेऊन त्यात सोडा आणि ट्रेखाली उजेड ठेवा. व्हिलाय लगेच वेगळे दिसतात, बोंडातून नुकत्या उकललेल्या कपाशीसारखे पांढरे, मोकळे, पाण्यात हलणारे. अस्तराचे तुकडे जाडसर, गुळगुळीत पापुद्र्यासारखे असतात आणि हलत नाहीत. रक्ताच्या गाठी चिमट्यानं दाबल्या की चुरगळतात. कागदावर वाचताना कठीण वाटतं, पण एखाद्या अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभं राहून बघितलंत की पहिल्याच दिवशी जमतं. व्हिलाय दिसलेच नाहीत तर लगेच मॅडमना सांगा, गर्भ ट्यूबमध्ये असू शकतो, आणि तेव्हा थीसिस बाजूला राहतो.

व्हिलाय चिमट्यानं ओढू नका, बारीक ब्रशनं किंवा रुंद तोंडाच्या पिपेटनं उचला. ओढले की वरचा सिन्सिशिअमचा थर सोलून निघतो आणि स्लाइडवर ते आजारासारखं दिसतं.

७. फिक्सिंग, प्रोसेसिंग, आणि आपला उन्हाळा

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन स्वतः बनवा किंवा समोर बनवून घ्या: बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसतं फॉर्मॅलिनमध्ये पाणी घालून वापरलं तर काही दिवसांत ते आम्ल होतं आणि स्लाइडभर तपकिरी फॉर्मॅलिन पिगमेंट पडतं. इथं टिश्यूत रक्त भरपूर म्हणून ते जास्तच पडतं. टिश्यूच्या किमान दहापट द्रव घ्या. इतक्या बारीक तुकड्यांना १२ ते २४ तास पुरतात, पुढं इम्युनो (अँटिबॉडी लावून पेशी ओळखणं) करायचं असेल तर आठवडाभर फॉर्मॅलिनमध्ये विसरून जाऊ नका.

कॅसेटची भोकं या व्हिलायसाठी मोठी असतात. तसेच टाकले तर प्रोसेसरमध्ये निघून जातात आणि सकाळी रिकामी कॅसेट मिळते. ओल्या फिल्टर पेपरच्या पुडीत बांधा, नाहीतर आधी पातळ अगारमध्ये बसवा आणि मग कॅसेटमध्ये. अगारचा फायदा असा की व्हिलाय एकमेकांवर दबत नाहीत.

टिश्यू बाहेरून आणत असाल, समजा नंदुरबारहून सुरत–भुसावळ लाइनच्या गाडीनं जळगावला, तर स्क्रूच्या झाकणाची बाटली, त्यावर पॅराफिल्म, मग झिपची पिशवी, मग डबा. डब्यात फॉर्मॅलिन सांडलं की आख्खा कोच डोळे चोळतो. फॉर्मॅलिनमधला टिश्यू बर्फात ठेवायची गरज नाही. आरएनएसाठी नेत असाल तर ती गोष्ट पूर्ण वेगळी, त्याला लगेच आरएनए टिकवणारं द्रावण आणि थंडी दोन्ही लागतं आणि दुपारच्या गाडीत ते जमणार नाही.

आणि मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, हिस्टोच्या खोलीत पंखा गरम हवा मारतो, आणि ५८-६० डिग्रीला वितळणारं मेणसुद्धा मायक्रोटोमवर मऊ पडून रिबनच धरत नाही, सेक्शन चुरगळून येतात. कटिंग सकाळी सात-आठला उरका, ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर तोंड खाली करून ठेवा, मधेमधे परत ठेवा, ४ मायक्रॉनचा हट्ट उन्हाळ्यात सोडून ५ घ्या आणि मग सगळ्या नमुन्यांना ५ च ठेवा. वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा दहाएक डिग्री कमी. अल्कोहोल आणि झायलीनची भांडी झाकून ठेवा, इकडं ती भराभर उडतात आणि ७० टक्के म्हणून ठेवलेलं ७० राहत नाही. रात्रीत लाइट गेली तर प्रोसेसर कुठं थांबला हे सकाळी बघा, टिश्यू झायलीनमध्ये तासन्‌तास अडकला की ठिसूळ होतो. शक्य असेल तर नमुने गोळा करायचं आणि कटिंगचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बसवा. उन्हाळा मोजमापाला आणि लिहायला ठेवा.

८. स्लाइडवर काय बघायचं आणि कुठं फसायचं नाही

एच अँड ई (नेहमीचा गुलाबी-जांभळा स्टेन) झाली की लो पॉवरवर आख्खी स्लाइड फिरा. ८ आठवड्यांच्या आसपास मोठे मोठे व्हिलाय दिसतील, १५० मायक्रॉनच्या वरचे सहज, भोवती दोन स्पष्ट थर, आत सैल स्ट्रोमा आणि वाहिन्या मध्यावर. पूर्ण दिवसांच्या वारेतले शेवटचे व्हिलाय ४०-५० मायक्रॉनचे असतात, वाहिन्या कडेला चिकटलेल्या आणि आतला थर तुटक. या दोन स्लाइड शेजारी ठेवून एक दुपार घालवा, मग बाकीचं आपोआप कळायला लागतं.

वाहिन्यांमध्ये गर्भाच्या रक्तपेशी शोधा. ८ आठवड्यांपर्यंत जवळपास सगळ्या केंद्रक असलेल्या, पुढं कमी होत जातात, १२ आठवड्यांना बहुतेक बिनकेंद्रकाच्या. हा तुमचा वयाचा घरचा ताळा. प्रोफॉर्मात ७ आठवडे आणि स्लाइडवर केंद्रकच नाहीत, तर आधी बाटलीचा कोड तपासा.

आता फसण्याच्या जागा.

व्हिलायच्या मधल्या जागेत भरपूर लाल पेशी दिसतात आणि बरेच जण लिहितात, "आईचं रक्ताभिसरण सुरू झालेलं दिसतं". नाही हो. पहिल्या तिमाहीचा बराच काळ आईच्या स्पायरल धमन्यांची तोंडं ट्रोफोब्लास्टच्या पेशींनीच बुजवलेली असतात, आत झिरपतो तो मुख्यतः प्लाझ्मा, आणि गर्भाचं पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर चाललेलं असतं. ८ आठवड्यांना तिथला ऑक्सिजन मोजला तर तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आत भरतो, १२ आठवड्यांपर्यंत ५० च्या वर जातो, म्हणजे खरं रक्त खेळायला लागतं ते १०-१२ च्या सुमारास. तुमच्या स्लाइडवरचं रक्त सक्शनच्या वेळी मिसळलेलं असतं. एमव्हीएच्या टिश्यूवरून या रक्ताबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही, एवढं एक वाक्य मर्यादांमध्ये टाका, परीक्षक खूश होतो. त्याच रक्तात सिकल झालेल्या पेशी दिसल्या तरी लगेच आजार लिहू नका, नुसत्या ट्रेट (सिकलचा एकच जीन) असलेल्या बाईच्या टिश्यूतही त्या दिसू शकतात, रिपोर्टशी जुळवा.

दुसरं, ८ आठवड्यांच्या पुढं काही व्हिलाय पाणी भरल्यासारखे दिसतात, स्ट्रोमात मोकळ्या खोबणी आणि त्यात गोलसर, फेसाळ हॉफबाउअर पेशी. ते इमॅच्युअर इंटरमीडिएट व्हिलाय आहेत, अगदी नॉर्मल. सूज किंवा मोल (द्राक्षगर्भ) म्हणून घाबरू नका. मोलमध्ये ट्रोफोब्लास्ट व्हिलसच्या सगळ्या बाजूंनी वाढतो, नॉर्मलमध्ये एका टोकाला, जिथून तो अस्तराला पकडायला निघालेला असतो. तरी शंका राहिली तर पी५७ ची अँटिबॉडी लावायला सांगा, पूर्ण मोलमध्ये सायटोट्रोफोब्लास्ट आणि स्ट्रोमाच्या पेशी त्याला रंग घेत नाहीत.

तिसरं, सुकलेले, वाहिन्या नसलेले, फायब्रोस व्हिलाय. सुरुवातीला गर्भपिशवीच्या चारी बाजूंनी व्हिलाय असतात, साधारण ८ आठवड्यांनंतर पोकळीकडच्या बाजूचे मिटत जातात, तो कोरिऑन लीव्ह, आणि उरलेल्या बाजूची वार बनते. सक्शनमध्ये दोन्ही एकत्र येतात. म्हणून ९-१० आठवड्यांच्या नमुन्यात असे थोडे व्हिलाय असणारच, पण ते कुठून आले हे तुम्हाला सांगता येणार नाही. प्रमाण लिहा, कारण ठासून लिहू नका.

चौथं, सिन्सिशिअमचे गोळे. सुरुवातीच्या वारेत खरे अंकुर असतात, नवा व्हिलस तिथून फुटतो. पण बरेचसे गोळे म्हणजे नुसता तिरका काप. सलग दोन-तीन सेक्शन बघितल्याशिवाय मोजू नका.

९. मोजमाप

आयपीस मायक्रोमीटर स्टेज मायक्रोमीटरवर बसवून घ्या, स्टेजवरचा १ मिलिमीटर १०० भागांत असतो, एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळं, आणि मायक्रोस्कोप बदलला तर पुन्हा. कॅमेरा असेल तर इमेजजे फुकट आहे, पण त्यातही स्केल त्याच कॅमेऱ्यानं काढलेल्या स्टेज मायक्रोमीटरच्या फोटोवरून बसवा.

व्हिलस वाटेल तसा कापला जातो, म्हणून लांब व्यास घेऊ नका, लहान व्यास घ्या. आणि फील्ड निवडायची पद्धत आधी ठरवा, सुरुवात चिठ्ठीनं आणि पुढं ठरावीक अंतरानं. चांगलं दिसतं तिथं थांबायचा मोह सगळ्यांना होतो आणि मग सगळे आकडे चांगले दिसणाऱ्या व्हिलायचेच येतात. मोजणाऱ्याला आठवडा माहीत नसावा, कोड झाकून मित्राकडून स्लाइड घ्या. पॅराफिनमध्ये टिश्यू आकसतो, तेव्हा ताज्या टिश्यूच्या किंवा इतरांच्या आकड्यांशी थेट तुलना करताना हे लिहा.

१०. इम्युनो करायचंच असेल तर

पैसे आधी मोजा. कमीत कमी संच म्हणजे सगळ्या ट्रोफोब्लास्टसाठी सायटोकेरॅटिन ७, अस्तरात घुसणाऱ्या पेशींसाठी एचएलए-जी, वाहिन्यांसाठी सीडी३१ किंवा सीडी३४, वाढणाऱ्या पेशींसाठी केआय-६७, हॉफबाउअरसाठी सीडी६८. सगळे घेऊ नका, तुमच्या प्रश्नाला लागतील ते दोन घ्या. अँटिबॉडी मुंबई-पुण्याहून येते, शुक्रवारी पाठवलेली सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून राहते, म्हणून सोमवारी पाठवा असं पुरवठादाराला बजावून सांगा आणि आल्या आल्या लहान भाग करून कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला ठेवा. कोटेड स्लाइडच वापरा, कुकरमध्ये रिट्रीव्हल करताना साध्या स्लाइडवरून हे नाजूक सेक्शन सुटतात. प्रत्येक बॅचला एक पॉझिटिव्ह कंट्रोल आणि एक प्रायमरी अँटिबॉडी न घातलेली स्लाइड.

११. टिश्यू मिळतच नसेल तर

होतं असं, विशेषतः एमएस्सी झूऑलॉजीवाल्यांना, हॉस्पिटल दारातच उभं करत नाही. मग तीन वाटा. पॅथॉलॉजीत जुने पॅराफिन ब्लॉक असतात, एथिक्सची परवानगी लागतेच पण नवीन संमतीतून बहुधा सूट मागता येते, फक्त वय नीट नोंदलेलेच ब्लॉक घ्या आणि त्यात बरेचसे मिस्ड अबॉर्शनचे असतात हे लक्षात ठेवा. दुसरी वाट सोनोग्राफीची, रेडिऑलॉजीसोबत, फॉर्म एफ (पीसीपीएनडीटीखालची सोनोग्राफीची नोंद) आणि बाकी नियमांसकट, आणि पहिल्या तिमाहीत पल्स्ड डॉप्लर उगाच लावायचा नाही. तिसरी वाट प्राण्यांची. बकरीची किंवा म्हशीची वार सहज मिळते पण तिची बांधणी वेगळी, तिथं आईचं रक्त गर्भाच्या पेशींना थेट भिडत नाही, त्यामुळं "माणसासारखीच" असं लिहू नका. उंदराची वार रक्ताला भिडणारी असते, पण लॅबमधल्या उंदरासाठी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी वेगळी.

आता रिव्ह्यूसाठी काय वाचायचं, तर २०१८ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जपानमध्ये मानवी ट्रोफोब्लास्टच्या स्टेम सेल वाढवता आल्या, केंब्रिजच्या गटानं वारेचे ऑर्गेनॉइड (लॅबमध्ये वाढवलेल्या छोट्या प्रतिकृती) बनवले, आणि पहिल्या तिमाहीच्या वार-अस्तराच्या सीमेवरच्या हजारो पेशींची एकेक करून यादी आली. रिव्ह्यू लिहिताना १९७० नंतर थेट आजवर उडी मारण्याची पद्धत आहे ती सोडा.

फोटो लावताना प्रत्येकावर स्केल बार, स्टेन, आणि "पाळीपासून इतके आठवडे इतके दिवस" असं पूर्ण लिहा. ब्लॉक थीसिस झाल्यावर फेकू नका, संमतीपत्रात साठवणीचा मुद्दा घेतलेला असेल तर विभागाच्या रजिस्टरमध्ये कोडनिशी नोंदवून कपाटात ठेवा, पंख्याखालच्या नाही, खिडकीपासून लांबच्या. पुढच्या बॅचचं पोरगं तुमच्याकडे तेच मागायला येईल.